सड्यावरून धरणाला वळसा

२ डिसेंबर १९७८, शनिवार
अबहा, सौदी अरेबिया

आज चो साहेबाने नवा फतवा काढला. क्रेनजवळ कुणी ओरडायचं नाही. हाक नाही, शिटी नाही, फक्त हात. बोट वर फिरवलं की उचल, खाली फिरवलं की सोड, हात आडवा केला की थांब. साहेब कोरियाचा, मजूर यमनचे, फिटर आपल्या साताऱ्याचा पांडू, तेव्हा सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा हवी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर असेल. पण मी जन्मभर मुंबईच्या गोदीत ओझी चढवली-उतरवली ती तोंडाने. 'हाबेस' म्हटलं की वर, 'आरिया' म्हटलं की खाली. आमच्या बापजाद्यांनी गलबतांवर हेच केलं. आता पन्नाशीला आल्यावर मुक्याचा खेळ करायचा.

मला वाटलं हाशम गप्प बसेल, कारण क्रेन चालवणाऱ्याला काय, हात असो की हाक. पण तोच सगळ्यांच्या आधी बोलला. "साहेब, बाबाजी की आवाज चाहिए. हात नहीं." साहेबाने मान हलवली नाही. बाहेर आल्यावर हाशम मला म्हणाला, "तू आपला आवाज देत ऱ्हा रं. हळू दे, पन दे. तुज्या आवाजावर माजा हात चालतो."

हाशम होडेकर आणि मी एका खाडीचे. त्याचं घर अलीकडच्या तीरावर, माझं पलीकडच्या. गोदीत वीस वर्षं बरोबर, आणि इथे धरणाखाली पाणी शुद्ध करायच्या केंद्राचं काम निघालं तेव्हाही बरोबरच आलो. पण इतक्या वर्षांत त्याने माझी अशी तारीफ कधी केली नव्हती. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. जेवताना एक रोटी जास्त खाल्ली.

६ डिसेंबर, बुधवार

थंडी अशी की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. सौदीत ऊन खायला जाणार म्हणून बायकोने, शालनने, दोन पातळ सदरे दिले होते. तिला कुणी सांगावं की इथे डोंगरात शेकोटी लागते! तरी हाशम क्रेनच्या केबिनची काच उघडी ठेवतो. म्हटलं, सर्दी होईल. तर म्हणे, "काच लावली की गुदमरल्यासारं व्हतं." नवीन थेरं.

हजहून आल्यापासून तो बदललाच आहे. पूर्वी रोज जेवणानंतर आमचा पत्त्यांचा डाव बसायचा. आता म्हणतो, नको, मन लागत नाही. हाजी झाला, पत्ते सुटले. चांगलंच आहे म्हणा. पण मग आम्ही पापी माणसांनी संध्याकाळी करायचं काय?

११ डिसेंबर, सोमवार

आज फार राग आलाय. मेसमध्ये हाशम समोरच्या बाकावर बसला होता. मी दारातून हात केला. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवत राहिला. पांडू शेजारी होता, त्यानेही बघितलं. "हाशमभाई रुसलं वाटतं तुमच्यावर," म्हणाला. मी काय त्याचं घोडं मारलंय? मी दुसरीकडे जाऊन बसलो. मग पाच मिनिटांनी हाच पांडूला विचारतो, "आज बाबाजी नाय आला जेवायला?" इतका कांगावा!

ठरवलं, आपण होऊन बोलायचं नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस बोललो नाही. फक्त कामापुरतं, म्हणजे हाबेस आणि आरिया. तेही साहेबाची पाठ बघून.

आज संध्याकाळी तोच आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाबाज्या, हायस काय?" मी समोर खाटेवर बसलेला आणि हा विचारतोय आहेस काय. ही त्याची माफी मागायची तऱ्हा असावी. मी "हाय" म्हटलं तसा आत आला, खाट चाचपून बसला. जुबेदाचं पत्र आलं होतं, ते मला वाचायला दिलं. "तू वाच. तुज्या तोंडून बरं वाटतं, घरचं मानूस बोलल्यासारं." आता यावर कोण रुसून राहणार? वाचलं. जुबेदाने लिहिलंय, डोळे मिटायच्या आत एकदा हज घडला, आता पुढच्या पावसाळ्याच्या आत घरी या. हाशमने तेवढं वाक्य परत वाचायला लावलं आणि मग चहा करायला उठला. किटलीतला अर्धा चहा पेल्याबाहेर गेला. बायकोची आठवण आली की माणसाचं असं होतं. मी फडक्याने पुसून घेतलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज पाइपांचा जुडगा उतरवताना शेजारच्या बांधकामाच्या परांचीला जाऊन आदळला. दोन यमनी वर काम करत होते, ते लोंबकळलेच. मी हात आडवा करून थांब म्हणत होतो. साहेब जवळच उभा, म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. साहेब धावत आला. हाशम वरून म्हणाला, वारा. मीही म्हणालो, यस सर, विंड. वारा होता थोडा.

साहेब माझ्याकडे बघत राहिला. त्याची नजर मला आवडली नाही.

संध्याकाळी हाशमला म्हटलं, काय झालं रे? तो म्हणाला, "तू गप का बसलास?" म्हणजे चूक माझीच. उलट्या बोंबा. पण मग त्याने माझा खांदा धरला आणि मेसपर्यंत धरूनच चालला, लहान पोराने धरावा तसा. त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

२८ डिसेंबर, गुरुवार

परवाच्या शनिवारी मोठा पंप केंद्राच्या कोरड्या विहिरीत उतरवायचा आहे. हत्तीएवढं धूड. त्याची भोकं खालच्या बोल्टांवर नेमकी बसवायला पांडू विहिरीत उतरणार, मी काठावर, हाशम क्रेनवर. सगळं काम याच एका ओझ्यावर अडलंय असं साहेब चार वेळा बोलला.

हाशम म्हणतो, उद्या जुम्म्याला गावच्या मशिदीत न जाता दुपारची नमाज वर सड्यावरच पढतो, आणि डोंगराच्या कडेकडेने जाऊन धरणाला वळसा घालून येऊ. वर्षभर धरणाच्या पायाशी काम करतोय आणि त्याचं पाणी नीट बघितलेलं नाही. "हजला जाऊन काबा डोळंभर बगून घेतला. आता धरान बगायचं हाय." त्याच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. एवढ्या थंडीत दुसरं कुणी येणार नाही. आम्ही दोघंच.

२९ डिसेंबर, शुक्रवार

  जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी खुब्जच्या भाकऱ्या, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये चहा घेऊन निघालो. कॅम्पच्या मागची चढण संपली की सडा लागतो. इथले लोक काय म्हणतात कोण जाणे, आम्ही दोघे त्याला सडाच म्हणतो, कारण तो अगदी रत्नागिरीच्या सड्यासारखा आहे: काळा उघडा कातळ, मधे मधे सुकलेलं गवत, आणि वाऱ्याने एका बाजूला कललेली अरारची झाडं. फक्त आपल्या सड्याच्या टोकाला समुद्र दिसतो आणि इथे टोकाला जमीनच संपते. कडा सरळ खाली तिहामाच्या तापलेल्या प्रदेशात उतरतो. त्या कड्याच्या काठाने आमची वाट.

हाशम माझ्या मागे, खांद्यावर हात ठेवून. मी म्हटलं, नवरीसारखा काय चाललायस? तो म्हणाला, "नवरीनं पुडं बगायचं नसतं." दोघे हसलो. वाटेत रुंद गवती टोपी घातलेली एक बाई शेरडं घेऊन चालली होती. तिने आमच्याकडे बघून काहीतरी ओरडून कड्याकडे हात केला. मला वाटलं, कुठून आले हे परके, म्हणत असेल.

ती धुक्याबद्दल सांगत होती. पंधरा-वीस मिनिटांत खालून धुकं चढून आलं. चुलीतून धूर उठावा तसं कड्यावरून सड्यावर आलं आणि बघता बघता माझेच पाय मला दिसेनात. मी ठेचकाळायला लागलो. दोनदा गुडघ्यावर आपटलो. एकदा तर हाशमनेच मला सावरलं. तो पहिल्यापासून जसा चालत होता तसाच चालत होता. पाय आधी अलगद टेकवायचा, मग त्यावर भार द्यायचा, पाय टाक, थांब, पाय टाक. मी म्हटलं, "तुजं बरं चाललंय रं धुक्यात!" तो म्हणाला, "सवय झाली." मी म्हटलं, कसली? तो पुढचा पाय चाचपत राहिला. मला तेव्हाही काही कळलं नाही. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उतार सुरू होतो तिथे एक मोठा धोंडा आहे. त्याच्या आडोशाला बसलो. हाशमने नमाज पढली. मी अंडी सोलली. तेवढ्यात धुकं उठलं. पडदा ओढावा तसं गेलं आणि खाली सगळं धरण एकदम समोर आलं. उन्हात चकाकतंय, भिंतीच्या कठड्यावर माकडांची रांग बसलीय. माझ्या तोंडात घास होता म्हणून मी लगेच बोललो नाही. हाशम नमाज आटोपून माझ्याशेजारी बसला, पेला हातात घेतला, धरणाकडे तोंड करून. आणि म्हणाला,

"धुकं उठलं का सांग हां. माला पानी बगायचंय."

घास तसाच राहिला. ऊन त्याच्या तोंडावर, डोळे उघडे. मी त्याच्या डोळ्यांसमोर हात नेला. पेला ओठाला लावून तो शांत बसलेला. मी म्हणालो, "उठंल." खोटं बोललो. दुसरं काही सुचलं नाही.

 मग त्याने गालावरून हात फिरवला. परत फिरवला.

"ऊन लागतंय की रं," तो म्हणाला.

  खाली माकडं भांडत होती.

मग त्याने सांगितलं. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा यंदा जायला लागला. हजला गेला तिथे हैदराबादच्या डॉक्टरने बघितलं. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते किती दिवस ते सांगता येत नाही. कडेचं सगळं गेलंय, मधे थोडं धुरकट. जवळ असेल तर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते नाही. मेसमधला तो हात, सांडलेला चहा, पत्ते, उघडी काच, सगळं माझ्या डोक्यात एकापाठोपाठ येत गेलं. आणि मला वाटत होतं माझा आवाज गोड आहे.

मी चिडलो. फार वाईट बोललो. त्या दोन यमन्यांचं काय, म्हटलं. त्याने मान खाली घातली. "त्या दिवसापासून झोप नाय," म्हणाला. मग म्हटलं, घरी का जात नाहीस? तर म्हणतो, "जुबेदा एकदा बगंल नि तिला कळंल. तितं मी कोण? मुलगा हात धरून मशिदीत नेनार. हितं वर चढून बसलो की मी हाशम ऑपरेटर हाय. उद्याचं येवडं एक वजं उतरू दे बाबाज्या. सगळ्यात मोटं. मग मीच सांगतो साहेबाला. तू आवाज दे फकस्त."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळत नाही.

उतार निसरडा होता. तो खांदा धरून उतरेना, दोघे एकदम पडू म्हणून. मग मी पुढे उतरलो आणि खालून त्याला आवाज देत गेलो. "आरिया... आरिया... डावीकडं... बस. आता हाबेस, पाय उचल." तो ओझ्यासारखा इंचाइंचाने खाली आला. एकदाही चुकला नाही. खाली पोचल्यावर दोघांना हसू आलं, आणि मला रडूही.

भिंतीवर आलो तेव्हा म्हणाला, "कसं हाय ते सांग." मी म्हटलं, पाणी हाय. तो म्हणाला, पुढं? म्हटलं, हिरवं हाय. "आनि?" माकडं हायत. "खाडीयेवडं हाय?" नाय, खाडीयेवडं नाय. तो म्हणाला, "तुज्यापेक्षा माकडानं बरं सांगितलं आस्तं." मग कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत उभा राहिला. पूर्ण वळसा घालून कॅम्पात आलो तेव्हा अंधारून आलं होतं.

मेसमध्ये पांडू भेटला. उद्या विहिरीत उतरायची भीती वाटते का, म्हणून मी विचारलं. म्हणाला, "हाशमभाई वर असल्यावर मला कशाची भीती?" ते ऐकल्यावर जेवण गेलं नाही.

साहेबाला सांगावं तर वीस वर्षांच्या दोस्ताचा गळा मी कापल्यासारखं. न सांगावं तर पांडू खाली. दोन्हीकडून मरण. शेवटी ठरवलं की विहिरीत मीच उतरेन. पांडूला खोकला आहे, तेवढं निमित्त पुरे. तो काठावर उभा राहून साहेबासाठी हात हलवेल आणि मी खालून आवाज देईन. ज्याने शब्द दिला त्यानेच खाली उभं राहावं. म्हणजे प्रश्न मिटला.

शालनचा फोटो उशाखाली ठेवलाय. उगीच.

३० डिसेंबर, शनिवार

जिवंत आहे.

विहिरीत उतरलो. खालून आभाळ ताटाएवढं दिसतं. त्यात पंप आला आणि आभाळ बुजलं. बोल्ट पायाशी, भिंत पाठीशी, सरकायला जागा नाही. पांडू इथे कसा उभा राहत असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता.  मोठ्याने ओरडलो, "आरिया!"

पंप थांबला. थांबायला नको होता, मी सोड म्हणालो होतो. परत ओरडलो. तो हलेना. मग वरून हाशमचा आवाज आला.

"बाबाज्या, आवाज खालनं का येतोय?"

मी म्हटलं, तू काम कर.

"पांडू कुटं हाय?"

"वर हाय. तू आरिया कर!"

पंप डोक्यावर तसाच लोंबत राहिला. किती वेळ ते माहीत नाही. साखळी कुरकुरत होती. वर चो साहेब ओरडायला लागला होता, त्याचाच नियम विसरून. मग पंप वर गेला. मला परत आभाळ दिसलं.

शिडीने वर आलो तेव्हा पंप अधांतरी आणि हाशम केबिनमधून तोंड बाहेर काढून बसलेला. "मोकळ्या जागेवर न्हे माला," म्हणाला, "मानसं लांब कर." मी माणसं हटवली. साहेबासमोर, साऱ्या साइटसमोर, मोठ्याने आवाज दिला. "डावीकडं... अजून... बस. आरिया... आरिया... आरिया... बस." पंप जिथून उचलला होता तिथेच फळ्यांवर टेकला. पान पडावं तसा. कुणी बघणाऱ्याला वाटलं असतं, यापेक्षा चांगला ऑपरेटर साऱ्या सौदीत नाही.

हाशम चाचपत खाली उतरला. साहेबासमोर उभा राहिला, म्हणजे साहेबाच्या थोडा बाजूला, आणि म्हणाला, "साहेब, आय नो सी. खलास." आणि चावी पुढे केली. साहेबाला ती घ्यायला दोन पावलं सरकावं लागलं.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? मी नीट सांगितलं असतं. तो म्हणाला, "व्हता म्हनूनच भ्यालो. तुज्या डोक्यावर ठेवला आस्ता तरी तू खालनं 'आरिया'च बोलत ऱ्हायला आस्तास. रेड्यासारा हट्टी हायस." मग माझा हात शोधून धरला. त्याचा हात बर्फासारखा गार होता.

१२ जानेवारी १९७९, शुक्रवार

हाशम गेला. साहेबाने पोलिसात वगैरे काही कळवलं नाही, फक्त कफीलला, म्हणजे आमच्या इथल्या जामीनदाराला, सांगून परतीचे कागद लवकर करवले. त्या परांचीवरच्या यमन्यांना हाशमने बोलावून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. एकाने मिठी मारली. दुसरा न बोलता निघून गेला. त्याचंही बरोबर आहे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तेही बरोबर आहे.

सकाळी पिकअप आली. निघताना म्हणाला, "शालनवहिनीला तार कर, होडी धक्क्याला लागताना हाक मारायला सांग. पाय कुटं ठेवायचा ते माला कळंल." मी मान हलवली. मग लक्षात येऊन हो म्हणालो. गाडी वळली तेव्हा सवयीने हात केला. तो भलतीकडे बघून हात हलवत होता. मी ओरडलो, "हाबेस!" तसा त्याने हात वळवला, बरोबर माझ्या दिशेने.

पंप काल बसला. नव्या ऑपरेटरने बसवला.

२ मार्च, शुक्रवार

नवा ऑपरेटर फिलिपिनो आहे, तरणाबांड. केबिनची काच लावून बसतो आणि माझ्या बोटांवर नजर ठेवतो. चुकत नाही. दिवस दिवस मला तोंडातून शब्द काढावा लागत नाही. चो साहेब खूश आहे. विहिरीजवळून जाताना मी अजून वर बघतो.

काल शालनचं पत्र आलं. ती धक्क्यावर गेली होती. काय ओरडायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून गावच्या खाडीत मी जे ओरडायचो तेच ओरडली. हाशमभावजी होडीतून नीट उतरले, म्हणते, आणि म्हणाले, "बाबाज्यापेक्षा वहिनीचा आवाज बरा." जुबेदा शेजारीच उभी होती. तिला आधीच माहीत होतं. गेल्या सुट्टीतच तिने ओळखलं होतं आणि तो सांगेल म्हणून वाट बघत होती. मी रोज त्याच्याबरोबर जेवत होतो आणि मला दिसलं नाही.

शेवटी शालनने लिहिलंय, भावजींनी निरोप दिलाय की धरण किती भरलं ते लिही, आणि या वेळी नीट लिही.

म्हणून आज एकटाच सड्यावर गेलो. कडेकडेने, त्याच वाटेने. त्या धोंड्यापाशी बसून पाण्याकडे सकाळभर बघितलं. असं मी आयुष्यात कशाकडे बघितलं नव्हतं. परत आल्यावर हाशमला पत्र लिहायला बसलो. पाणी चढलंय. पलीकडच्या काठाची अरारची चार झाडं बुडलीत, त्यांचे शेंडे तेवढे वर आहेत आणि त्यांवर पांढरे पक्षी बसतात. रंग हिरवा सांगितला होता तो चुकीचा. सकाळी करडा असतो, ऊन आलं की भिंतीजवळ हिरवा आणि मधे काळपट. वारा आला की पाण्यावर शहारे येतात आणि ते भिंतीपर्यंत पोचायच्या आत विरतात. माकडं पाणी पिताना एक जण राखण करतो. असं दोन पानं लिहिलं.

त्याला दिसावं म्हणून अक्षरं चांगली मोठी, सुटी सुटी काढली. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की वाचणार जुबेदा आहे. तसंच राहू दिलं.